पिन कुणाला माहीत आहे?

निवृत्तीआधीची सात वर्षं बँकेनं मला ज्या टेबलावर बसवलं, त्यावर पाटी होती : ‘कार्ड तक्रार’. पाटी साधीच, पण तिच्यामुळं माझ्यासमोर काय काय आलं म्हणून सांगू! रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवायला एक सासूबाई आल्या. थोडं बोलल्यावर कळलं की चढवायचं नव्हतं, कमी करायचं होतं. आधार कार्डावरचा फोटो आपला नाहीच, असं एक गृहस्थ ठासून सांगत होते. फोटो त्यांचाच होता, पण तक्रारीत तथ्य होतं. मोबाइलमध्ये सिम कार्ड अडकलं म्हणून चिमटा मागायला तर आठवड्याला दोघंतिघं यायची. आमचे शिपाई सय्यदभाई म्हणायचे, “मॅडम, पाटीपे साफ लिख दो ना, जिसके पैसे गये सिर्फ वोइच आना.”

त्यांचं बरोबर होतं. माझं काम पैसे गेलेल्यांचंच होतं.

आमची शाखा मुकुंदवाडीत, स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर. सकाळी सिडकोतली पेन्शनर मंडळी, दुपारी शेंद्र्याच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी पोरं, आणि बाजारच्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं. लागोपाठ दुष्काळाची ती वर्षं होती. शहर मात्र वाढायचं थांबलं नव्हतं. जालना रोडच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती उभ्या राहत होत्या, प्रत्येकीला इंग्रजी नाव होतं, आणि प्रत्येकीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता.

बाहेरच्या माणसाला डेबिट आणि क्रेडिट ही दोन्ही कार्डं सारखीच दिसतात. मी सगळ्यांना एकच दाखला द्यायची. डेबिट कार्ड म्हणजे तुमच्या धान्याच्या कोठीची किल्ली. ती चोराला सापडली तर धान्य तुमचं जातं, आणि मग तुम्ही बँकेच्या दारात उभं राहून सांगत बसता की कोठी मी उघडली नव्हती. क्रेडिट कार्ड म्हणजे वाण्याकडचं खातं. चोरानं तुमच्या नावावर साखर नेली, तर गेली ती वाण्याची साखर. तुम्ही घरी बसून म्हणायचं, “ही मी नेली नाही, पैसे देणार नाही.” पळापळ वाण्याची. अर्थात वेळेत म्हणावं लागतं. बिल आलं की डोळे मिटून भरणाऱ्याला कुठलंच कार्ड वाचवत नाही.

म्हणून माझ्या टेबलाशी येणारा डेबिटवाला घाबरलेला असे आणि क्रेडिटवाला रागावलेला.

चोराबद्दल बोलायचं, तर आमच्या ग्राहकांनी त्याला फार कष्ट पडू दिले नव्हते. चार आकड्यांचा पिन हा गुप्त असावा, ही कल्पनाच आपल्याकडं कुणाला रुचत नाही. घरात गुप्त ठेवण्यासारखं काय असतं? एकानं पिन विसरू नये म्हणून कार्डावरच खिळ्यानं कोरला होता. एका काकूंनी तो देवघरातल्या कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकटीत लिहिला होता, म्हणजे महिन्यातून एकदा तरी नजरेखालून जातो. “पिन कुणाला माहीत आहे?” हा माझा पहिला प्रश्न असायचा, आणि बहुतेक वेळा उत्तर यायचं, “कुणालाच नाही, फक्त घरच्यांना.” मग घरच्यांची मोजदाद सुरू झाली की ती शेजारच्या वहिनींपर्यंत जायची.

या प्रश्नाचा मला अभिमान होता. दहातल्या सात तक्रारी तो विचारताच निकालात निघतात, असं मी नव्या मुलींना शिकवायची. त्या प्रश्नानं माझ्या हातून काय झालं, ते आता सांगते.

एप्रिलमधला दिवस होता. सकाळी सकाळी वैद्य सर आले. निवृत्त प्राध्यापक, विषय भूशास्त्र. पत्नी जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा अमोल पुण्याला. अमोलनं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर वडिलांसाठी जोडकार्ड घेऊन दिलं होतं. कार्ड सरांच्या खिशात आणि बिल मुलाच्या नावे. आदल्या शनिवारी अमोल स्वतः येऊन माझ्याकडं तक्रार देऊन गेला होता. बिलात एका विवाह जुळवणाऱ्या वेबसाइटची वर्षाची फी लागली होती.

“बाबांना कुणीतरी फसवलंय,” अमोल म्हणाला होता. “एक्काहत्तराव्या वर्षी ते कशाला असल्या साइटवर जातील?”

त्या वेळी सर शेजारी बसून छतावरच्या पंख्याकडं बघत होते. इतक्या बारकाईनं, की मला वाटलं पंख्यातच काही स्तर सापडले असावेत.

आज ते एकटे आले होते. दोनदा रुमाल काढून चष्मा पुसला. मला अंदाज आला. मी त्यांना मॅनेजरसाहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये नेलं, दार लोटलं, सय्यदभाईंना चहा सांगितला.

“पाठक मॅडम,” सर म्हणाले, “ती तक्रार मागे घेता येते का?”

“येते की. पण सर, त्या व्यवहाराला ओटीपी लागतो. तो कुणाच्या मोबाइलवर आला होता?”

“माझ्या.”

“आणि टाकला कुणी?”

सरांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. “आपण असं समजू या,” ते म्हणाले, “की टाकणाऱ्या माणसाला मी बराच काळ ओळखतो.”

मी हसले नाही. याचं श्रेय मला द्यायला हवं, कारण हसू गालापर्यंत आलेलं होतं. मी त्यांना सांगितलं, की कार्ड मूळ अमोलचं आहे, तेव्हा तक्रार तोच मागं घेऊ शकतो. म्हणजे त्याला सांगावं लागणार. सरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, “इथूनच लावा फोन. मी बाहेर थांबते.”

“नाही, नाही, बसा तुम्ही,” ते घाईनं म्हणाले. फोन लावला, आणि चाळीस वर्षं वर्गात खणखणीत बोललेला माणूस एका दमात पुटपुटला, “अमोल, ते पैसे मीच भरले. एकटं जेवण जात नाही रे.”

पलीकडून अमोलचा आवाज आला, मलाही ऐकू येईल एवढा मोठा, “बाबा, फोटो कुठला टाकलाय? आधारवरचा नाही ना?”

पुढचंही सांगून टाकते. वर्षभरानं सर जालन्याच्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंना घेऊन जॉइंट खातं उघडायला आले. फॉर्ममधल्या ‘नातं’ या रकान्यापाशी माझं पेन थबकलं. सर म्हणाले, “पत्नी लिहा. रीतसर आहे.” बाई हसल्या, सर मात्र कानापर्यंत लाल झाले.

तर त्या दिवशी सरांना दारापर्यंत सोडून मी टेबलाशी आले ती स्वतःवर खूश होऊन. एका माणसाची अब्रू मी अलगद सांभाळली होती. रांग वाढली होती, जेवणाची सुट्टी जवळ आली होती, आणि रांगेत पुढं गयाबाई उभ्या होत्या.

गयाबाई साबळे फुलंब्रीकडच्या. त्यांचे यजमान पूर्वी मुकुंदवाडीत टायरचं दुकान चालवायचे, तेव्हापासून खातं आमच्याकडं. यजमान गेल्यावर बाईंनी दुकान विकून दोन टँकर घेतले, आणि तालुक्यातल्या वस्त्यांना पाणी पोचवायचं काम मिळवलं. पन्नाशीच्या, उंचपुऱ्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मागं त्यांचा भाचा अंकुश होता, नणंदेचा मुलगा. अठ्ठावीस-तीसचा, लग्न झालेला, त्यांच्याच घरी राहणारा, त्यांच्या मोठ्या टँकरवर ड्रायव्हर.

“मॅडम, माझे पैसे गेले,” गयाबाई म्हणाल्या. “दोन दिसांत खातं साफ झालं. काल पंपावर कार्ड चाललं नाय, म्हणून कळलं. डिझेल नाय तर टँकर नाय. वस्तीवरच्या बाया सकाळधरनं हंडे घेऊन बसल्या होत्या. ह्यानं पंपवाल्याचे हातपाय धरून उधारीवर डिझेल घेतलं, तव्हा कुठं खेप झाली.”

मी खातं उघडलं. एटीएममधून पैसे काढल्याच्या नोंदी होत्या, लागोपाठ दोन दिवस, दुपारच्या, रोजच्या मर्यादेइतक्या. पिन बरोबर टाकलेला.

“कार्ड कुठं असतं?”

“अंकुशकडं. डिझेल त्योच भरतो.”

“पिन कुणाला माहीत आहे?”

“मला अन् अंकुशला.”

“पैसे काढल्याचे मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतात?”

“अंकुशच्याच. मला कुठं इंग्रजी वाचता येतं.”

मी अंकुशकडं पाहिलं. “मेसेज आले होते?”

“आले होते, मॅडम,” तो म्हणाला. “वस्तीवर रेंज नसती. खाली आलो की सगळे मिळून येतात. इंग्रजीत असतात. मला वाटलं, डिझेलचाच मेसेज परत परत आला.”

मी पेन खाली ठेवलं. मागं रांगेत पंधरा-वीस माणसं होती. त्यांतली निम्मी फुलंब्री-शेंद्र्याकडची, एकमेकांना ओळखणारी. आणि मी मोठ्यानं म्हणाले, “कार्ड याच्याकडं, पिन याच्याकडं, मेसेज याच्याकडं. मग पैसे कुठं गेले ते यालाच विचारा ना, गयाबाई. आमच्याकडं कशाला आलात?”

रांगेत कुणीतरी हसलं.

गयाबाई वळल्या. त्यांनी ज्या नजरेनं भाच्याकडं पाहिलं, ती मी आजही विसरलेली नाही. अंकुशनं शर्टाच्या खिशातून ते कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं, आणि म्हणाला, “मामी, तुम्हीसुद्धा?”

गयाबाईंनी कार्ड उचलून पिशवीत टाकलं. तो पायऱ्या उतरून गेला.

मी तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, कारण भरावा लागतो. गयाबाईंनी सही केली आणि त्याही गेल्या. मी डबा उघडला. मेथीची भाजी होती, तीही मला आठवते.

संध्याकाळी कुलपं लावताना सय्यदभाई म्हणाले, “मॅडम, एक बात बोलूँ, बुरा मत मानना. सुबू सर को आपने अंदर बिठाए, चाय पिलाए. दरवाजा भी बंद करे. उस आदमी को पानी तक नै पूछे. और पानी तो बेचारा वोइच लाता.”

सय्यदभाईंच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं, त्यामुळं ते कुणालाही काहीही बोलू शकत. मी म्हणाले, “त्याच्याकडं पिन होता, सय्यदभाई.”

“सर के पास भी तो था,” ते म्हणाले, आणि शटर खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी शाखेत जाताच मी गयाबाईंचं खातं पुन्हा उघडलं. या वेळी वाचलं. आधी नुसतं पाहिलं होतं.

खात्यातली प्रत्येक नोंद कुठल्या मशिनवर झाली, त्याचा एक सांकेतिक क्रमांक शेजारीच असतो. तो मला वाचता येत होता. त्याचाच मला पगार मिळत होता. पैसे काढल्याच्या नोंदींचे क्रमांक आपल्याकडचे नव्हतेच. कार्ड विभागाला फोन केला, तर मशिन दुसऱ्या राज्यातल्या एका शहरातलं निघालं. इथून रेल्वेनं एक दिवस लागेल एवढं लांब. आणि त्याच नोंदींच्या मधोमध, पहिल्या दिवशीच, डिझेलची एक नोंद होती. फुलंब्रीजवळच्या पंपावर कार्ड घासलेलं. दोन्हींच्या वेळेत पंधरा मिनिटांचं अंतर. पंधरा मिनिटांत एकच कार्ड इथंही आणि तिथंही असू शकत नाही. तिथं होतं ते दुसरं, नकली कार्ड.

तेव्हाच्या कार्डांच्या पाठीवर नुसती काळी पट्टी असायची. एटीएमच्या तोंडाशी चोरटं यंत्र बसवलं की कार्ड आत जाताना त्या पट्टीची नक्कल होते, आणि वर चिकटवलेला मण्याएवढा कॅमेरा पिन टिपतो. तुम्ही कार्ड खिशात घालून घरी येता, आणि तुमच्या कार्डाचं जुळं भावंड परगावी निघून जातं. त्या आठवड्यात माझ्याकडं अशा आणखी दोन तक्रारी आल्या होत्या, एका शिक्षिकेची आणि एका कंपनी कामगाराची. तिघांचीही खाती शेजारी शेजारी ठेवली, तर चोरीच्या आधी तिन्ही कार्डांवर हायवेवरच्या एकाच एटीएममधून पैसे काढलेले.

उत्तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच पानावर होतं. जेवणाची सुट्टी दहा मिनिटं पुढं ढकलली असती, तर वाचून झालं असतं.

मी गयाबाईंना फोन केला. मी सांगत होते आणि पलीकडून फक्त टँकरच्या मोटरचा आवाज येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हंजे त्यानं नाय घेतले?”

“नाही.”

“तुम्ही तर म्हनलात...”

“मी चुकले, गयाबाई.”

“काल रात्रीच त्यो घरनं कपडे घेऊन गेला. नणंद माझ्या दारात उभी ऱ्हाऊन, काय काय बोलून गेली,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

पैसे परत मिळवणं सोपं नव्हतं. पुढं नियम आला, की ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं तीन दिवसांच्या आत कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी मारायचं नाही, आणि चूक कुणाची हे बँकेनं सिद्ध करायचं. तेव्हा तसं नव्हतं. वरच्या ऑफिसातून छापील उत्तर आलं, पिन बरोबर होता, सबब जबाबदारी ग्राहकाची. मी उलटं लिहिलं. त्यांनी विचारलं, पंपावर खरं कार्डच वापरलं गेलं याला पुरावा काय?

पुरावा गयाबाईंकडंच निघाला. सरकारी कामावरच्या टँकरला खेपांचं लॉगबुक असतं. टँकर वस्तीवर पोचला की तिथल्या बायकांनी तारीख-वेळ बघून सही करायची. नाही तर पाणी कागदावरच वाहील, म्हणून ही सोय. त्या दिवशीच्या खेपेवर दोन बायकांच्या सह्या आणि एकीचा अंगठा होता, आणि अंकुशनं पंपावरची पावती, त्याची सही असलेली, त्याच पानाला टाचून ठेवली होती. प्रत्येक पावती तो अशी टाचायचा. असा व्यवस्थित माणूस मी बँकेतही फारसा पाहिला नव्हता. त्या पानाच्या प्रती मी वर पाठवल्या, पत्रावर पत्रं लिहिली. माझ्या सगळ्या नोकरीत मी कुणासाठी एवढी भांडले नव्हते. का, ते मला माहीत होतं.

सात आठवड्यांनी पैसे आले. मी गयाबाईंना बोलावून पासबुक त्यांच्यापुढं ठेवलं. मनातून वाटत होतं, आता त्यांचा चेहरा खुलेल. त्यांनी पासबुक मिटलं आणि पिशवीत टाकलं.

“पैसे आले, मॅडम. भाचा कुठून आणू?”

अंकुश शेंद्र्याला एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागला होता. गयाबाई दोनदा जाऊन आल्या होत्या, तो भेटला नव्हता. नणंदेनं बोलणं सोडलं होतं. मी म्हटलं, “मी येते सोबत.” म्हणताना फार धीराची वाटले स्वतःला. प्रत्यक्षात रविवारी रिक्षानं शेंद्र्याला जाताना मी परत फिरायला निमित्त शोधत होते.

कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. दुपारची शिफ्ट सुटली आणि निळ्या कपड्यातली माणसं बाहेर आली. अंकुशनं आम्हाला पाहिलं. क्षणभर तो वळून जाईल असं वाटलं, पण आला. मामीच्या पाया पडला नाही, हे गयाबाईंनीही पाहिलं आणि मीही.

“अंकुश,” गयाबाई म्हणाल्या, “माझं चुकलं रं. तू घरी चल.”

“घरी काय हाय मामी? इथं बरंय. वेळेवर सुट्टी व्हती, पीएफ कापत्यात.”

“टँकरला मानूस नाय.”

“मिळंल की. पिन सांगू नका म्हंजे झालं.”

गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या माउलीला रडताना बघणं मला झेपलं नाही. मी पुढं झाले. “अंकुशराव, तुमच्या मामींची चूक नाही. मी तसं बोलले म्हणून त्यांना तसं वाटलं. मी माफी मागते.”

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “मॅडम, तुम्ही मोठ्या. तुमचा राग नाय. पर तुम्ही मला चोर कुठं म्हनलात?”

“बँकेत.”

“अन् माफी कुठं मागता? टपरीवर. हितं ऐकायला कोन हाय? रांगेत आमच्या गावचे चौघं व्हते. संध्याकाळपत्तोर बायकोच्या माहेरी कळलं व्हतं. जिथं म्हनलात तिथं सांगा.”

तो म्हणाला, “गुरुवारी माझी सुट्टी असती,” आणि चहाचे पैसे, आमच्याही दोघींचे, देऊन गेला.

घरी आल्यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. बँकेच्या अधिकाऱ्यानं भर शाखेत चूक कबूल करणं नियमात बसतं का? मॅनेजरसाहेबांना विचारलं, तर ते नाही म्हणतील, आणि मग माझी सुटका होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांना विचारलंच नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला अंकुश आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको. गयाबाईही आल्या होत्या, टँकर घेऊनच. अंकुश रांगेत कुठंच उभा राहिला नाही, माझ्या टेबलासमोर नेमका त्याच जागी उभा राहिला. सय्यदभाईंनी पाण्याचे ग्लास आणले आणि पहिला त्याच्या बायकोपुढं धरला.

मी उठले. तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी सगळ्या हॉलला उद्देशून चार वाक्यं बोलले नव्हते.

“जरा ऐका,” मी म्हणाले. “एप्रिलमध्ये मी इथं, सगळ्यांसमोर, या गृहस्थांवर, अंकुशरावांवर, यांच्या मामींचे पैसे काढल्याचा आळ घेतला होता. तो खोटा होता. पैसे परगावच्या चोरांनी नकली कार्डानं काढले. यांच्या पावत्यांमुळंच ते परत मिळाले. मी कागद न वाचता बोलले. चूक माझी होती, यांची नव्हती.”

रांगेतल्या माणसांनी माझ्याकडं पाहिलं, अंकुशकडं पाहिलं. आता काहीतरी होईल असं मला वाटलं. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, “मॅडम, ते बरं झालं. पण पासबुकाचं मशिन आज तरी चालू व्हणार हाय का?”

हसण्याची लाट आली, आणि अंकुशही हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. तिनं मोबाइल बाहेर काढला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, “आणखी एकदा म्हणता का, मॅडम? माझ्या वडलांना पाठवायचंय.”

मी आणखी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा आवाज कापला नाही.

मॅनेजरसाहेब केबिनच्या दारात उभे होते. मेमो येणार हे मला दिसलं. तो पुढच्या आठवड्यात आलाही, आणि मी त्याला उत्तरही दिलं. ते प्रकरण तिथंच संपलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. गयाबाईंच्या नव्या ड्रायव्हरनं टँकर आमच्या गल्लीत आणला होता आणि आता त्याला तो मागं घेता येत नव्हता. पुढं एक बस, मागं रिक्षांची रांग, आणि मधे टँकर तिरपा. पाणी गळून रस्ताभर सांडत होतं. जून सरत आला होता, आभाळ कोरडं होतं. लोक धावत बादल्या घेऊन येत होते. नवा ड्रायव्हर खाली उतरून कपाळाला हात लावून उभा होता.

गयाबाई पायऱ्यांवरून बघत राहिल्या. अंकुशला सांगायची त्यांची हिंमत नव्हती.

अंकुशनं थोडा वेळ तो तमाशा पाहिला. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बायकोला म्हणाला, “आलोच,” आणि जाऊन टँकरच्या केबिनमध्ये चढला. एका दमात त्यानं ती गाडी मागं घेतली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून, रिक्षावाल्यांना हातानं इशारे करत. गल्ली मोकळी झाली. मग त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मामी,” तो ओरडला, “कोणत्या वस्तीची खेप हाय आज?”

गयाबाईंनी सांगितलं. त्याची बायको गयाबाईंचा हात धरून त्यांना टँकरपर्यंत घेऊन गेली, आणि दोघी वर चढल्या.

दुसऱ्या दिवशी अंकुश शेंद्र्याला कामावर हजर झाला. तिथंच तो पुढं कायम झाला. टँकर त्यानं पुन्हा कधी चालवला नाही, गुरुवार सोडून.